वहीतली बारा नावं

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या बाबांना तर नाहीच. पंचवीस वर्षांच्या वर झाली असतील. मला वाटायचं, एखादी गोष्ट इतकी वर्षं आत ठेवली की ती विरघळून जाते. नाही जात. मिठागरावर वाढलेल्या मुलीला हे तरी ठाऊक असायला हवं होतं — पाणी उडून जातं, मीठ खाली राहतं.

सांगताना मला राग येणार आहे. तो लपवून गोड गोड लिहिणं मला जमणार नाही.

आम्ही जूचंद्रचे. बाबा मिठागरावर मजूर होते, आईसुद्धा. पावसाळा सरला की बाबा खारट पाण्यात उतरायचे ते पुढचा पावसाळा येईपर्यंत. अनवाणी. वाफ्यात उभं राहून लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढायचं, बांधावर रास करायची, आणि आई ते पाटीत भरून डोक्यावरून वाहणार. पाटीतून गळणारं पाणी तिच्या मानेवर उतरायचं. एप्रिल-मे मध्ये तिथली कातडी सोलून निघायची. घरी आल्यावर ती मानेला खोबरेल चोळायची आणि बाबा पायाच्या भेगांत मेणबत्तीचं मेण ओतायचे. चटका बसला की हसायचे. मी समोर पुस्तक घेऊन बसलेली असायचे, म्हणून हसायचे — आता कळतं.

"पोरीला शिकवून काय मीठ गोड करनार हाय काय रं?" गावात त्यांना विचारायचे.

"करल. माझी बाय करल गोड."

माझ्या आधी आमच्या घरात सही करणारं कोणी नव्हतं, अंगठाच. मी दहावी झाले, बारावी झाले, वसईच्या कॉलेजात बीएला गेले. याचा मला अभिमान होता, आजही आहे, आणि तो मी झाकत नाही. पण त्या शिक्षणाचा पहिला मोठा उपयोग मी कशासाठी केला? त्यासाठीच तर लिहायला बसलेय.

कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मी 'पानी' म्हणाले आणि मागच्या बाकावरच्या मुली हसत सुटल्या. वर्षभरात मी माझी जीभ घासूनपुसून साफ केली. शिवाय सकाळच्या वेळी मला एक काम मिळालं होतं — पापडीला नाक्यावर एक फोनचा बूथ होता, तो उघडायचा आणि कॉलेजची वेळ होईपर्यंत सांभाळायचा. मालक वाडीवाले, केळीला पाणी सोडून नऊ-साडेनऊला यायचे. तोवर चावी माझ्याकडे, खुर्ची माझी, फोन माझा. काचेच्या पलीकडे उभ्या राहून बायका बोलायच्या आणि मी कान देऊन ऐकायचे. नवीन बिल्डिंगांतल्या बायका फोनवर कशा बोलतात? "हॅलो, मी मिसेस अमुक बोलतेय" — आधी आपलं नाव, मग जरासं थांबणं, जणू पलीकडच्याने उठून उभं राहावं. मी ते शिकले. घरी आईला करून दाखवायचे आणि आई पदर तोंडाला लावून हसायची.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा बाबांच्या डाव्या पायात शिंपल्याची कड घुसली. करंगळीच्या बाजूला. तशा जखमा त्यांना नेहमीच व्हायच्या, ही भरेना. जी जखम रोज खाऱ्या पाण्यात बुडवायची ती भरणार कशी, असं आम्हाला वाटलं. हळद लावून झाली, पाला बांधून झाला. शेवटी आम्ही नायगाव स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे गेलो.

हा दवाखाना गावाला ओळखीचा होता. पूर्वी तिथे दाराशी एका फळीवर वीस खिळे होते आणि त्यांवर पत्र्याचे बिल्ले, एक ते वीस. येईल त्याने बिल्ला काढायचा आणि बसायचं. कोण कुठून आलं, कशाने आलं, बिल्ल्याला काय त्याचं? मग आजूबाजूला बिल्डिंगा उठल्या, डॉक्टरांनी खालचा गाळा मोठा केला, लादी बसवली, सोफा आणला, फोन घेतला. फळी गेली. तिच्या जागी पाटी आली : नंबर फोनवर घ्यावा, सकाळी आठ ते साडेआठ. आणि पाटीच्या खाली काउंटरमागे एक बाई आली. ती नर्स नव्हती, पण सगळे तिला सिस्टर म्हणायचे.

त्या पहिल्या सकाळचं काहीही मी विसरलेले नाही. आम्ही नऊला पोचलो. बाबा गावातून चालत आले होते, टाचेवर भार देत.

"फोन केला होता?" सिस्टरने वर न बघता विचारलं.

"फोन नाहीये घरी," मी म्हटलं.

"मग शेजाऱ्यांकडून करायचा."

"शेजाऱ्यांकडेही नाही."

"अख्ख्या गावात फोन नाही?" आता तिने वर बघितलं. सोफ्यावरची एक बाई हसली.

"आमच्याकं आवाज देतात ना सिस्टर," बाबा म्हणाले. "बांधावरून हाक मारली का पार खाडीपर्यंत जाते. फोन कनाला पायजे?"

बाबांना वाटलं, आता सगळे हसतील आणि आपलं काम होईल. कोणी हसलं नाही. सिस्टरने त्यांच्या पायाकडे बघितलं — मिठागरातला चिखल धुतला तरी नखांत राहतोच — आणि म्हणाली, "बाहेर पायरीवर बसा. लादी आत्ताच पुसलीय. मधे कोणी कमी झालं तर बघू." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही तर शिकलेल्या दिसता. तुम्हाला तरी कळायला हवं."

आम्ही एक वाजेपर्यंत पायरीवर बसलो. मधे कोणी कमी झालं नाही. डॉक्टर आमच्या शेजारून चपला घालून गेले.

मग मी बूथवरून नंबर घेऊ लागले. सोमवार आणि शुक्रवार, बाबांच्या खऱ्या नावाने, आठच्या ठोक्याला. नंबर मिळायला लागला. म्हणजे प्रश्न सुटला ना? नाही सुटला. नंबर चार असला तरी सिस्टर म्हणायची, "ड्रेसिंगवाले शेवटी." बाबा तसेच पायरीवर. आत बोलावलं की आधी जमिनीवर जुनं वर्तमानपत्र अंथरायचे आणि त्यावर पाय ठेवायला सांगायचे. पट्टी कंपाउंडर बदलायचा. डॉक्टर खुर्चीतूनच मान वाकडी करून बघायचे — "ठीक आहे, चालू ठेवा" — झालं. दोन महिन्यांत एकदा तरी त्यांनी रक्त तपासायला सांगावं? बाबांना साखर होती. हे आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

एकदा बाबा आत जाताना सिस्टरने ओढणीने नाक झाकलं. बाबांनी ते पाहिलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाय, वास येतो काय गो माझा?"

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? भांडला असतात? मी भांडले नाही. भांडायचं तर आवाज चढतो, आवाज चढला की मनातली बोली बाहेर येते, आणि सोफ्यावरच्या बायका पुन्हा हसल्या असत्या. मी शिकलेली होते. मी शिकलेल्या माणसासारखं काहीतरी करणार होते.

काय केलं ते आता सांगते. इतका वेळ उगाच इकडे तिकडे फिरतेय, तुमच्याही लक्षात आलं असेल.

मंगळवारी सकाळी आठ वाजता बूथचं दार आतून लावून घेतलं आणि दवाखान्याचा नंबर फिरवला. "हॅलो, मी मिसेस देशमुख बोलतेय, बी विंग. माझा आणि आमच्या मजल्यावरच्या दोघींचा नंबर लिहून घ्या." तीन नावं दिली. तिने लिहून घेतली. "हो मॅडम. चालेल मॅडम." मला ती मॅडम म्हणाली! पाच मिनिटांनी पुन्हा फोन — आवाज जरा जाडा, आणखी तीन नावं. मग किरटा. मग जरा खोकत. चार फोन, बारा नावं. दिवसाच्या विसांतले बारा नंबर मी खाल्ले. उरलेले आठ बिल्डिंगवाल्यांनी घेतले. तिची वही साडेआठला भरली. आणि दहा वाजल्यापासून तिचा सोफा रिकामा पडणार होता, डॉक्टर आतून विचारणार होते, "आज कोणी नाही?" आणि ती खाली मान घालून उत्तर शोधणार होती. तिने मान खाली घालावी एवढंच मला हवं होतं. एवढंच. प्रत्येक फोननंतर मशीनमधून निघालेली चिठ्ठी मी फाडून टाकली आणि चारही फोनचे पैसे माझ्या पर्समधून गल्ल्यात टाकले. मालकाचं बुडवलं नाही. प्रामाणिकपणा बघा माझा!

असं मी आठ सकाळी केलं. सोमवार-शुक्रवार सोडून, कारण ते बाबांचे दिवस. मी हिशेबी होते. माझ्या माणसाला झळ लागणार नाही याची मी काळजी घेतली होती. आणि दुसऱ्या कोणाच्या माणसाला? चालत आलेली, फोन नसलेली, वही भरलीय म्हणून परत पाठवलेली माणसं त्या आठ दिवसांत असतीलच ना? असतील. मी त्यांचा विचार केला नाही. खोटं कशाला सांगू — एकदा आला होता मनात. कॉलेजच्या जिन्यावर. मी पुढची पायरी चढले.

रोज बारा नावं सुचणं सोपं नसतं. देशमुख, साने, पै, कोठारे — मग संपतात. शेवटच्या मंगळवारी बारावं नाव सुचेना. सिस्टर पलीकडून म्हणाली, "आणि तिसरं नाव, मॅडम?" आणि माझ्या तोंडून माझ्या आत्याचं नाव गेलं. आनंदी. बाबांची बहीण, माझ्या लहानपणीच वारलेली. पुढे मी 'प्रधान' जोडलं. आनंदी प्रधान. फोन ठेवला आणि मला हसू आलं — मिठागरात पाट्या वाहून मेलेली आत्या, आणि ही तिला मॅडम म्हणून वहीत लिहितेय!

त्याच मंगळवारी बाबा दवाखान्यात गेले होते.

मला माहीत नव्हतं. कसं माहीत असणार? मी पापडीला होते. रात्रभर पाय ठणकला होता, सकाळी करंगळी काळी दिसली. माझी परीक्षा तोंडावर होती म्हणून त्यांनी मला सांगितलं नाही. चालत गेले. पायरीवर उभे राहून म्हणाले, सिस्टर, आज पाय जास्त दुखतो, डॉक्टरांना दाखवा. ती म्हणाली, "तुमचा दिवस शुक्रवार ना? आज वही भरलीय. बघा, एकही जागा नाही." बाबा परत आले. बुधवारी पुन्हा गेले. बुधवारीही वही भरलेली होती. बुधवारचीही बारा नावं माझीच. गुरुवारी दवाखाना बंद. शुक्रवारी, त्यांच्या हक्काच्या दिवशी, ते अंथरुणातून उठलेच नाहीत. अंग तापलेलं, पाय पोटरीपर्यंत सुजलेला, आणि करंगळीचं काय झालं होतं ते मी लिहीत नाही.

मिठाच्या टेम्पोत घालून त्यांना मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तीन बोटं कापली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन-तीन दिवस आधी आणलं असतं तर एका बोटावर भागलं असतं." मी विचारलं, "बाबा, तुम्ही सांगितलं का नाहीत?" तेव्हा पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी सांगितलं. "मंगलवारी गेलो, बुधवारी पन गेलो. वही भरली व्हती. ती तरी काय करल गो? नावंच तेवढी व्हती."

मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. ती पहिली वेळ. पुढची वेळ चार दिवसांनी आली आणि ती याहून वाईट होती.

गाव खवळलं होतं. बाबांचा भाऊ — हिराजीकाका — आणि दहा-बारा माणसं दवाखान्यावर निघाली. काकांनी मला पुढे घातलं. "तू बोल. तुला त्यांच्यासारखं बोलता येतं. आमी तोंड उघडलं तर शिव्याच येतील."

सगळे त्या पुसलेल्या लादीवर जाऊन उभे राहिले. चिखलाच्या पायांनी. डॉक्टर बाहेर आले, हात जोडून. आणि सिस्टर — ती घाबरली होती पण मागे हटली नाही. तिने वही उघडून काउंटरवर सरकवली. "डॉक्टर, हे बघा. मंगळवार. वीस नावं. मी कुठून नंबर देऊ? आणि यातले बारा आलेच नाहीत, हे मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं. कोणीतरी खोटे फोन करतंय म्हटलं होतं मी."

"सांगितलं होतंस," डॉक्टर म्हणाले, पण आमच्याकडे बघत. मग ती वही त्यांनी माझ्या हातात दिली. "तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच वाचा."

अख्ख्या गर्दीत ती वही वाचू शकणारी आमच्या बाजूची मी एकटी. मी वाचली. देशमुख. साने. वळणदार अक्षर होतं तिचं, प्रत्येक नावामागे 'सौ.' लिहिलेलं. तळाशी — आनंदी प्रधान. हिराजीकाका माझ्या खांद्यावरून वहीत बघत होते. त्यांच्या सख्ख्या बहिणीचं नाव त्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि त्यांना ते वाचता येत नव्हतं.

दोन शब्द पुरले असते. 'हे मीच.' तेवढं बोलायचं होतं.

मी म्हणाले, "ही नावं खोटी आहेत, डॉक्टर."

हे खरं होतं. इथवर खरं होतं. मग मी पुढचं वाक्य बोलले. अगदी शुद्ध, ठाशीव, बूथवर कमावलेल्या आवाजात. "ह्या बाई आधीच खोटी नावं लिहून वही भरतात. ओळखीचं कोणी आलं की त्या जागी घुसवायला. आमच्यासारख्यांना मात्र परत पाठवतात. ह्यातली एक तरी बाई आणून उभी करा."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. असं होतं असा मला संशयही नव्हता. त्या क्षणी, त्या वहीवर बोट ठेवून, मी ते बनवलं.

सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. आधी नुसती. मग तिचा चेहरा बदलला. "हा आवाज..." ती म्हणाली. "डॉक्टर, हा आवाज — फोनवर ज्या बाई..."

तिने ओळखलं होतं. आणि मी काय केलं माहीत आहे? मी आवाज बदलला. तीन वर्षं घासून घासून जी बोली मी तोंडातून काढून टाकली होती, ती मी एका श्वासात परत आणली. छाती पिटत ओरडले, "माझ्याकं काय बगतेस गो? माझ्या बापाची तीन बोटं गेली, ती कोन देनार? तू देनार?"

"आता आवाजावर जाते बघा!" हिराजीकाका गरजले. "पायावर बोल, पायावर!" मागून कोणीतरी म्हणालं, "नाक झाकून बोल, सवय हाय तुला!" सगळे हसले. ते हसणं कसं होतं ते मला नीट ठाऊक होतं. सोफ्यावरून आम्हाला तसंच हसलं गेलं होतं.

डॉक्टरांनी तिला तिथल्या तिथे काढलं. "सरिता, उद्यापासून येऊ नकोस" — तेव्हा मला तिचं नाव कळलं. तिने ड्रॉवरमधून डबा आणि छत्री घेतली. जाताना ती माझ्यासमोर क्षणभर थांबली. वाटलं, आता मारते. मीच नजर काढून घेतली. तिने मान खाली घालावी म्हणून केलं होतं ना सगळं? तिने घातली नाही. सरळ बघत बाहेर पडली.

ती चांगली बाई नव्हती. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. माझ्या बापाला तिने पायरीवर बसवलं, त्याच्यासमोर नाक झाकलं. दोन दिवस काळं पडलेलं बोट तिने बघितलं आणि वहीकडे बोट दाखवलं. तिचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, जाणारही नाही. त्या डॉक्टरांचाही नाही. फोनचा नियम त्यांचा, लादी त्यांची, न तपासलेलं रक्त त्यांच्या नावावर. आणि बारा माणसं दारात आली तेव्हा त्यांनी एका बाईला पुढे ढकललं आणि स्वतः हात जोडून मोकळे झाले. पण जे तिने केलं नव्हतं, त्यासाठी तिला मी घालवलं. आणि ज्या वहीकडे तिने बोट दाखवलं ती भरलेली होती — हे ती खरं बोलत होती. भरली कोणी होती?

मी पास झाले. गावदेवीच्या ओट्यावर माझा सत्कार झाला, समोर पोरांनी हातभर रांगोळी काढली होती. ओट्यावरून हिराजीकाका बोलले — पोरगी नुसती बीए नाय झाली, दवाखान्याला सरल केलं. मी शाल घेतली. नारळ घेतला. बाबा काठी घेऊन पुढच्या रांगेत बसले होते. मिठागरावर ते पुन्हा उतरले नाहीत. आई एकटी जायची. घरी कोणी पाहुणा आला की ते पाय पुढे करून दाखवायचे : "माझी तीन बोटं गेली, पन माझे बायनं गावाला नंबर मिलवून दिला." नऊ वर्षं मी हे ऐकलं. चहा देत ऐकलं. नऊ वर्षांत एक सकाळ सापडू नये? मग ते गेले.

सरिता मला एकदाच दिसली. माझी आगाशीच्या बाजूला शाळेत नोकरी लागली होती. बाजारात, देवळाच्या रस्त्याला, ती भाजी घेत होती. केस पांढरे झाले होते. मी मेथीची जुडी हातातली खाली ठेवली आणि बाजूच्या गल्लीत शिरले. गल्ली पुढे बंद होती. तिथेच एका कुंपणाशी उभी राहिले, ती जाईपर्यंत. मी शिक्षिका होते तेव्हा. मुलांना खरं बोलायला सांगायचे.

एवढंच आहे. यात माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि मी ते शोधतही नाही.

त्या दवाखान्यात फोनवर नंबर देणं त्या महिन्यातच बंद झालं. पाटी काढली. कंपाउंडरने माळ्यावरून जुनी फळी शोधून आणली, पुसली, दाराशी परत ठोकली — वीस खिळे, वीस बिल्ले, जो आधी येईल त्याचा. हॉस्पिटलातून आल्यावर बाबा पट्टी बदलायला पहिल्यांदा गेले तेव्हा मी बरोबर होते. एक नंबरचा बिल्ला त्यांना मिळाला. तो हातात धरून ते लादीवरून चालत गेले आणि सोफ्यावर बसले.